चार स्टेशनं, एक हँडल

झाडलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या पुन्हा भरून घरी काडतुसं करायचं यंत्र म्हणजे प्रेस. त्यातल्या प्रोग्रेसिव्ह प्रेसचं हँडल एकदा खाली ओढलं की चार कामं एकदम होतात. एका जागी वापरलेली पुंगळी मूळ मापाला येते आणि तिचा जळालेला प्रायमर, म्हणजे ठोक्यानं पेटणारी बुडाची टोपी, गळून पडतो. दुसऱ्या जागी पावडर, म्हणजे दारू, पडते, तिसऱ्या जागी बुलेट बसते, चौथ्या जागी पुंगळीचं तोंड आवळलं जातं. नव्या माणसाला भुरळ पडते ती या वेगाची. मला प्रेस लावताना धास्ती वाटली तीही याचीच. चार कामं एकाच ओढीत होत असतील, तर बिघडलेलं एक काम बाकीच्या तीन नीट झालेल्या कामांच्या आड लपतं. हँडल हाताला नेहमीसारखंच लागतं आणि काडतूस दिसायलाही चकचकीत निघतं. म्हणून मी प्रेस लावली ती एका वेळी एकच पुंगळी घालून, एकेक स्टेशन, म्हणजे यातली एकेक जागा, पक्कं करत. ज्यांना हे काम सुरू करायचं आहे त्यांनीही वेगाचा विचार बाजूला ठेवून असंच करावं, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

मी मूळची कोल्हापूरची. कॉलेजात एनसीसीमध्ये .२२ रायफल चालवली होती, त्यानंतर बरीच वर्षं काही नाही. आता मिनियापोलिसच्या उत्तरेला राहते आणि यूएसपीएसए या नेमबाजी संघटनेच्या स्पर्धांमध्ये नाइन एमएम पिस्तूल घेऊन उतरते. एका स्पर्धेत दीडशेच्या आसपास गोळ्या सहज जातात, सरावाच्या वेगळ्याच. मिनेसोटाचा हिवाळा लांबलचक, बाहेरच्या रेंज बर्फाखाली. पुढच्या मोसमाची काडतुसं भरायला याहून चांगले दिवस नाहीत.

.२२ ची काडतुसं मात्र अशी पुन्हा भरता येत नाहीत. त्यात पेटणारा मसाला पुंगळीच्या काठातच भरलेला असतो आणि फायरिंग पिन तो काठच चेपते. एकदा उडवली की पुंगळी संपली. आमच्या कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई खेळांत २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण आणलं, तो प्रकारही .२२ चाच. नाइन एमएममध्ये प्रायमर वेगळा असतो, बुडाच्या मधोमध बसवलेला. तो काढून नवा बसवता येतो, म्हणून तर हा सगळा खटाटोप शक्य होतो.

कायद्याचं आधी सांगते, कारण आपल्या लोकांना ते नीट माहीत नसतं. अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरायला केंद्राचं लायसन्स लागत नाही. विकायची असतील तर लागतं. राज्याराज्याचे नियम वेगळे आहेत, ते आपापले पाहावेत. पण एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असताना बंदूकच काय, काडतूस बाळगणंही केंद्रीय कायद्यानं गुन्हा ठरू शकतो. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण मित्राच्या भरवशावर त्या वाटेला जाऊ नये. मी ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत रेंजवर पाऊल ठेवलं नव्हतं. आणि भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही. म्हणजे हा सगळा मजकूर इथल्यापुरताच आहे.

प्रेस कोणती घ्यावी यावर क्लबात दिवसभर वाद होऊ शकतो. सिंगल स्टेज प्रेसवर एका वेळी एकच काम होतं. त्यावर शिकणं सगळ्यात सोपं, पण नाइन एमएमचा खप पाहता हिवाळा पुरत नाही. ली कंपनीची सिक्स पॅक प्रो स्वस्त आहे, हॉर्नडीच्या लॉक-एन-लोडला पाच स्टेशनं आहेत. मी अ‍ॅरिझोनाच्या डिलन कंपनीची आरएल ५५० सी घेतली. हिच्यात चार स्टेशनं आणि शेलप्लेट, म्हणजे पुंगळ्या धरणारी चकती, आपण हातानं फिरवायची. त्यांचीच एक्सएल ७५० पाच स्टेशनांची, शेलप्लेट आपोआप फिरणारी आणि पावडर तपासणाऱ्या यंत्रणेला जागा असलेली. पुष्कळ जण सांगतात की ७५० जास्त सुरक्षित, कारण ५५० वर शेलप्लेट फिरवायला विसरलं तर त्याच पुंगळीत दुसऱ्यांदा पावडर पडू शकते. हे खरं आहे. पण ५५० वर माझ्या परवानगीशिवाय काही पुढं सरकत नाही, आणि प्रत्येक पुंगळीत डोकावायला मला थांबावंच लागतं. शिकणाऱ्या माणसाला हे थांबणं हवंच असं माझं मत आहे.

बाबांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप होतं, त्यामुळं यंत्र जमिनीत नीट रुतलेलं हवं हे लहानपणापासून ऐकलेलं. टेबल हललं की माप हललं. बेसमेंटमध्ये जाड प्लायचे दोन थर एकमेकांना चिकटवून टेबलाचा वरचा भाग केला आणि मागची बाजू भिंतीतल्या लाकडी खांबांना लांब स्क्रूंनी आवळली. प्रेस टेबलाच्या कडेला, खाली बोल्ट आणि रुंद वॉशर लावून. पुंगळी मापाला आणताना हँडलवर चांगला जोर पडतो. त्या वेळी टेबल वाकत असेल, तर प्रायमर बसवताना हाताला जे सूक्ष्म कळायला हवं ते कळत नाही. गॅरेजमध्ये जागा जास्त होती, पण जानेवारीत तिथं शून्याखाली वीस अंश असतात.

त्यानंतर शेलप्लेट. ही गोल चकती चारही पुंगळ्या बुडाशी धरून ठेवते. मधला बोल्ट जास्त आवळला तर ती फिरत नाही, सैल ठेवला तर वरखाली डुगडुगते आणि प्रायमर वाकडे बसतात. मी फोनवरून बाबांना दाखवत होते. चकती बोटानं फिरवून दाखवल्यावर त्यांनी पहिला प्रश्न ती किती हलते याचाच विचारला, "प्ले किती ठेवलास?" मी म्हटलं, हाताला लागत नाही इतपत. "हाताचं ऱ्हाऊ दे, डायल लाव." डायल गेज लावून पाहिलं तर चकतीचा काठ वरखाली हलत होता. बोल्ट पुरता आवळून, मग चकती सहज फिरेल इतकाच, म्हणजे अगदी किंचित मागं घेतला आणि बाजूचा सेट स्क्रू आवळला. मग चकती पुढच्या जागी फिरवण्याबद्दल त्यांनी विचारलं, "इंडेक्सिंग हातानं?" हो म्हटल्यावर म्हणाले, "मग हात कुणाशी बोलत नसला पाहिजे." माझ्या बेसमेंटमध्ये आता तोच नियम आहे. हँडल चालू असताना रेडिओ नाही, फोन नाही, कुणी हाक मारली तरी उत्तर नाही.

पहिल्या स्टेशनची डाय, म्हणजे वरून पुंगळीवर काम करणारा साचा, बसवणं सरळ आहे. हँडल पूर्ण खाली, म्हणजे शेलप्लेट ज्यावर बसते तो प्लॅटफॉर्म पूर्ण वर, आणि डाय शेलप्लेटला टेकेपर्यंत फिरवत आणायची, मग केसभर मागं. पण लॉक नट आवळायचा तो पुंगळी डायच्या आत असताना. म्हणजे डाय पुंगळीच्या रेषेत येते. कार्बाइडची डाय असली की पिस्तुलाच्या पुंगळीला वंगण लागत नाही असं म्हणतात. मी तरी थोडं लावते. नाइन एमएमची पुंगळी किंचित निमुळती असते आणि वंगणानं हँडल इतकं हलकं चालतं की दिवसाअखेर खांदा आभार मानतो.

इथंच, हँडल वर येऊन पुढं ढकललं की नवा प्रायमर बसतो. या स्टेशनवर मी सगळ्यात जास्त वेळ दिला. प्रायमर पुंगळीच्या बुडाशी समपातळीत किंवा किंचित आत हवा. बोटाचं पेर त्यावरून फिरवलं की उंच राहिलेला लगेच कळतो. उंच प्रायमर फायरिंग पिनच्या ठोक्यानं नुसताच आत सरकतो आणि गोळी उडत नाही, किंवा त्याहून वाईट, पिस्तुलाचा सरकणारा वरचा भाग, म्हणजे स्लाइड, आदळतानाच पेटू शकतो. प्रायमर नळीत भरताना चकचकीत बाजू कुठं आहे ते पाहून, एकेक टोचून घ्यायचा. अशा शंभर प्रायमरची नळी प्रेसवर उभी असते. एक फुटला तर बाकीचे पेटू शकतात, म्हणून नळीभोवती जाड लोखंडी आवरण असतं. ते काढून टाकायचं नाही, नळीत काही अडकलं तर गजानं ठोसायचं नाही आणि डोळ्यांवर चष्मा कायम. माझ्याकडचे प्रायमर फेडरलचे. त्यांचा कारखाना १९२२ पासून अनोकालाच आहे, आमच्या घराच्या बाजूलाच म्हणायचं. पण २०२० नंतरच्या टंचाईत इथल्या दुकानांतही प्रायमरचे कप्पे रिकामेच होते.

पुंगळ्यांची निवड आधीच करून ठेवायची. रेंजवर वेचलेल्या नाइन एमएमच्या ढिगात .३८० या दुसऱ्या काडतुसाच्या पुंगळ्या मिसळलेल्या असतात. दिसायला तशाच, पण लांबी १७ मिलिमीटर, नाइन एमएमची कमाल लांबी १९.१५. लष्करी पुंगळ्यांच्या बुडावर वर्तुळात क्रॉसचं चिन्ह असतं आणि त्यांच्या प्रायमरची जागा कडेनं चेपलेली असते. तिथं नवा प्रायमर अडतो आणि हात आपोआप जोर लावायला जातो. तेव्हा जोर लावायचा नाही, पुंगळी बाजूला काढायची. आतून पायरी असलेल्या पुंगळ्याही मिळतात. त्यांच्यात पावडरीला जागा कमी उरते, दाब वाढतो. त्या भंगारात. धुणं-घासणं टम्बलर या घुसळणाऱ्या यंत्रात मक्याच्या कणसाच्या भुश्यात होतं, त्यात सांगण्यासारखं विशेष नाही. एवढंच की त्या धुळीत प्रायमरमधलं शिसं असतं. टम्बलर उघडायचा तो घराबाहेर, मास्क लावून. आणि प्रेसच्या टेबलावर चहाचा कप येत नाही.

दुसरं स्टेशन पावडरीचं. पुंगळी वर जाते, आतल्या नळकांड्याला टेकते, त्यानं तिचं तोंड किंचित फाकतं आणि तिच्याच ढकलण्यानं वरचा बार सरकून मोजलेली पावडर खाली पडते. पुंगळी नसेल तर बार सरकत नाही. तोंड किती फाकवायचं? बुलेट वर ठेवली आणि हात काढला तरी उभी राहील इतपत. जास्त फाकवलं तर पितळ लवकर फुटतं आणि पुढं आवळताना त्रास होतो. बार दोन्ही टोकांना पूर्ण जातो की नाही हे डोळ्यानं पाहायचं. अर्धवट गेला तर अर्धवट पावडर. बार परत आणणारी एक सळई असते, स्प्रिंग आणि निळ्या नटाची. ती नीट लागली नसेल तर बार मधेच राहू शकतो आणि पुढची पुंगळी कोरडी जाते.

मात्रा किती, ते मी इथं मुद्दाम लिहीत नाही. ती पावडर बनवणाऱ्या कंपनीच्या छापील तक्त्यातूनच घ्यायची. तीच पावडर, त्याच वजनाची आणि त्याच प्रकारची बुलेट, आणि सुरुवातीची मात्रा, कमाल नव्हे. रेंजवर कुणी प्रेमानं सांगितलेला आकडा, इंटरनेटवर वाचलेला आकडा, हे घ्यायचे नाहीत. नाइन एमएमचा कमाल दाब ३५,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) ठरवलेला आहे आणि पुंगळी इवलीशी आहे. थोडा फरकही तिथं थोडा राहत नाही.

वजन ग्रेनमध्ये मोजतात. एका पौंडात ७,००० ग्रेन. आपण ज्या दशांश ग्रेनसाठी बार फिरवत बसतो तो म्हणजे साडेसहा मिलिग्रॅम. माझा काटा तेवढं दाखवतो, पण बेसमेंटमध्ये घर तापवणारा फर्नेस सुरू झाला की वरच्या झरोक्यातून येणाऱ्या वाऱ्यानं शेवटचा आकडा नाचायला लागतो. आता मी झरोका बंद करते, काटा अर्धा तास आधी चालू करून ठेवते आणि दर वेळी प्रमाणित वजन ठेवून तपासते. हिवाळ्यात आणखी एक भानगड. हीटरनं हवा इतकी कोरडी होते की पावडरीचे कण प्लॅस्टिकच्या भांड्याला आतून चिकटून राहतात. भांडं कपड्यांच्या ड्रायरमध्ये टाकतात त्या कागदानं पुसून घेतलं की ते थांबतं.

भांड्यात पावडर ओतल्यावर पहिल्या काही मात्रा परत भांड्यात टाकायच्या, कारण पावडर दबून बसेपर्यंत माप स्थिर होत नाही. मग दहा मात्रा एकत्र तोलून सरासरी काढतात. मी सरासरीवर समाधान मानत नाही. एक जड आणि एक हलकी पडली तरी सरासरी बरोबरच येते. सुट्या सुट्या तोलून पाहते आणि सगळ्यात जड व सगळ्यात हलकी यांच्यातलं अंतर वहीत लिहिते. टेबलावर एका वेळी एकाच पावडरीचा डबा. काम संपलं की भांडं रिकामं करून पावडर तिच्या मूळ डब्यात. भांड्यात राहिलेली, नाव नसलेली पावडर ही या कामातली सगळ्यात धोकादायक वस्तू आहे. अशी सापडली तर वापरायची नाही, नुसती टाकून द्यायची.

पावडर निवडताना मी एकच गोष्ट पाहिली. ठरलेली मात्रा पडल्यावर पुंगळी निम्म्याहून जास्त भरली पाहिजे. म्हणजे चुकून दोनदा पडली तर ती काठावरून सांडेल आणि शेलप्लेटवर दिसेल. काही पावडरी इतक्या थोड्या लागतात की दोन मात्रा आत बसूनही वर बुलेट बसते. त्या स्वस्त पडतात, डबा बरेच दिवस पुरतो, लोक त्यांची स्तुती करतात. शिकणाऱ्यानं त्या घेऊ नयेत. उलट पावडर पडलीच नाही तरी संकट आहेच. नुसत्या प्रायमरच्या जोरावर बुलेट बॅरलमध्ये अर्ध्यावर जाऊन अडकते, आवाज फुसका येतो, आणि घाईत पुढची गोळी झाडली तर बॅरल फुगते किंवा फुटते. ५५० वर पावडर तपासणाऱ्या यंत्रणेला वेगळं स्टेशन नाही, ते काम डोळ्यांचं. म्हणून डाय जिच्यात बसतात त्या वरच्या चौकटीच्या, म्हणजे टूलहेडच्या, आत एक छोटी एलईडी पट्टी लावली, थेट दुसऱ्या-तिसऱ्या स्टेशनवर उजेड पडेल अशी. बुलेट हातात, मान किंचित पुढं, आत पावडरीची पातळी दिसली, मगच बुलेट पुंगळीवर. न पाहता एकही बुलेट ठेवायची नाही. मधेच उठावं लागलं तर चारही पुंगळ्या काढून टाकायच्या. ५५० मध्ये प्रत्येक जागेला एक छोटं पितळी बटण असतं, ते उपटलं की पुंगळी मधूनच बाहेर काढता येते. ही सोय मला या प्रेसची सगळ्यात मोठी जमेची बाजू वाटते.

तिसऱ्या स्टेशनला बुलेट किती खोल बसवायची ते ठरतं. काडतुसाची एकूण लांबी नाइन एमएमला कमाल १.१६९ इंच. पण माझ्या सीझेड शॅडो २ च्या बॅरलमध्ये झिरी, म्हणजे आतल्या पिळदार खाचा, लवकर सुरू होतात, त्यामुळं त्याहून आखूडच लागतं. शोधायचं असं. पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून बॅरल वेगळी काढायची. प्रायमर आणि पावडर न घालता एक नमुना लांब बनवायचा आणि बॅरलमध्ये सोडायचा. बरोबर असेल तर 'टप्' असा स्वच्छ आवाज येतो, बोटानं फिरवलं तर फिरतो, आणि बॅरल उलटी केली की आपल्या वजनानं हातात पडतो. चिकटला, फिरताना अडखळला, तर बुलेट झिरींना टेकते आहे. डाय थोडी खाली घ्यायची, पुन्हा सोडून पाहायचं. पण आखूड करत नेताना एक लक्षात ठेवायचं, की बुलेट जितकी खोल तितकी आत जागा कमी आणि दाब जास्त. तक्त्यातल्या लांबीपेक्षा आखूड जावं लागत असेल तर मात्रा त्या हिशेबानं पुन्हा तळापासून चढवत न्यावी लागते.

चौथ्या स्टेशनचं नाव क्रिम्प, म्हणजे आवळणं, असल्यानं लोक इथं ताकद दाखवतात. नाइन एमएमचं काडतूस चेंबरमध्ये पुंगळीच्या तोंडावर टेकून उभं राहतं. तोंड आत वळवलं तर टेकायला काठच उरत नाही. इथं फक्त दुसऱ्या स्टेशनला फाकवलेलं तोंड पुन्हा सरळ करायचं आहे. हिशेबही सोपा आहे. बुलेटचा व्यास .३५५ इंच, पितळाची भिंत दोन्ही बाजूंना साधारण .०११, मिळून .३७७. तोंडाशी कॅलिपर लावून त्याच्या आसपास आणि .३८० इंचाच्या आत आकडा आला की झालं. मग एक नमुना बुलेट उपटणाऱ्या हातोड्यासारख्या पुलरनं ठोकून उघडायचा आणि बुलेट उजेडात धरायची. तांब्याच्या मुलाम्यावर पुसट रेघ चालते. नखाला लागणारी खाच दिसली तर डाय वर घ्यायची, कारण खाच पडलेली बुलेट निशाण्यावर आडवी जाऊन कागद फाडते. बुलेट पुंगळीत धरून ठेवण्याचं काम पहिल्या स्टेशनला आवळलेल्या पितळाचं आहे, क्रिम्पचं नाही. याचीही परीक्षा घेते. काडतुसाची लांबी मोजायची, बुलेटचं टोक टेबलाच्या काठावर अंगठ्याच्या जोरानं दाबायचं, पुन्हा मोजायची. आकडा बदलता कामा नये.

इथवर एकेक पुंगळी चारही स्टेशनांतून एकटी फिरवून सगळं जमलं होतं. खरी गंमत पुढं. चारही जागा भरून हँडल ओढलं आणि बाहेर पडलेलं काडतूस मोजलं, तर ते ठरवलेल्या लांबीपेक्षा काही थाऊ (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ) लांब निघालं. डाय तीच, बुलेट तीच, हात तोच. एकटी पुंगळी असताना प्लॅटफॉर्मवर एकाच बाजूनं भार पडतो. चारही असताना पहिल्या डायचा जोर, पावडरीच्या नळकांड्याचा जोर, क्रिम्पचा जोर असे सगळे एकत्र येतात आणि शेलप्लेट अगदी किंचित वेगळ्या कोनात बसते. प्रेस बिघडलेली नसते, ती भाराखाली असते. तेव्हा डाय एकेक करून लावायच्या, पण शेवटचं माप भरलेल्या शेलप्लेटवरच घ्यायचं, आणि बुलेटची डाय व क्रिम्प त्या मापाला पुन्हा पक्की करायची. पुंगळ्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या असतील तर थोडा फरक राहतोच. शिवाय डाय बुलेटला तिच्या खांद्याशी दाबते आणि कॅलिपर मोजतो टोकापासून, त्यामुळं टोकातला कमीजास्तपणाही आकड्यात येतो. एकदोन थाऊंसाठी डायशी खेळत बसायचं नाही.

पहिली भरलेली काडतुसं घेऊन रेंजवर गेले तेव्हा क्लबातले एक निवृत्त मशिनिस्ट काका शेजारी उभे राहिले. ते कित्येक वर्षं काडतुसं भरतात. त्यांनी पहिल्या मॅगझिनमध्ये एकच काडतूस घालायला लावलं. एक झाडायचं, पुंगळी उचलून प्रायमर पाहायचा, कागदावर भोक पडलंय ना पाहायचं, मग दुसरं. नंतर गोळीचा वेग मोजणारा क्रोनोग्राफ लावला. यूएसपीएसएमध्ये बुलेटचं वजन ग्रेनमध्ये आणि वेग सेकंदाला फुटांत, यांचा गुणाकार भागिले हजार, हा पॉवर फॅक्टर. मायनर या हलक्या गटाला किमान १२५ लागतो. १२४ ग्रेनची बुलेट आणि १,०५६ फूट वेग म्हणजे १३०.९. स्पर्धेच्या दिवशी थंडीनं किंवा वेगळ्या यंत्रानं आकडा थोडा उतरला तरी चालेल एवढी जागा त्यात आहे. त्याहून जोरात भरण्यात मला काही अर्थ दिसत नाही, झटका वाढतो आणि दुसरी गोळी उशिरा सुटते.

डब्यांवर चिठ्ठी लावते. तारीख, पावडर आणि तिचा लॉट, मात्रा, बुलेट, प्रायमर, लांबी. पावडर मूळ डब्यातच, लाकडी कपाटात, कुलपाखाली. घरात वीस पौंडांपर्यंत पावडर आणि दहा हजारांपर्यंत प्रायमर ही इथल्या अग्निसुरक्षा संहितेतली मर्यादा. माझ्याकडं त्याच्या आसपासही नसतं. हातून भरलेली काडतुसं मी दुसऱ्या कुणाला देत नाही, दुसऱ्याची माझ्या पिस्तुलात घालत नाही.

५५० चं टूलहेड दोन पिना काढल्या की डायसकट बाहेर येतं, त्यामुळं दुसऱ्या काडतुसासाठी वेगळं टूलहेड तयार ठेवता येतं. नवऱ्याकडं .३८ स्पेशलचं रिव्हॉल्व्हर आहे, त्यासाठी मी दुसरं जोडायला घेतलं आहे. शेलप्लेट बदलते, प्रायमर तोच लहान पिस्तुलाचा. ही पुंगळी बुडाच्या काठावर टेकते, म्हणून तिला तोंड वळवणारी क्रिम्प चालते, लागतेही, नाहीतर झटक्यानं सिलिंडरमधल्या बाकीच्या बुलेट पुढं सरकतात. कमाल दाब फक्त १७,००० पीएसआय. ऐकायला सौम्य वाटतं, पण हे काडतूस काळ्या दारूच्या दिवसांतलं आहे, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचं. पुंगळी लांब आणि आजची पावडर तळाशी जेमतेम. काही पावडरींच्या दोन, कधी तीन मात्राही आत दिसेनाशा होतात. पहिली, तिसरी आणि चौथी डाय बसवून झाली आहे. दुप्पट पडली तर बाहेर सांडेल अशी फुगीर पावडर हाताशी येईपर्यंत या टूलहेडवर पावडर मोजून टाकणारा भाग चढवणार नाही.